पाटीच्या कोपऱ्यातला आकडा

मित्रांनो, तुमच्या दप्तरात सहज मावेन एवढी, एका कोपऱ्याला चेपलेली मी एक जुनी पाटी आहे. शाळेत मात्र मी एकही दिवस गेले नाही. माझं आयुष्य गेलं आभाळात, एका वैमानिकाच्या उजव्या मांडीवर.

विमान चालवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. कागद धरायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून आमची जात जन्माला आली. पातळ पत्र्याचा वीतभर तुकडा, त्यावर पांढऱ्या रंगाचे तीन हात, दोन बाजूंना पट्टा ओवायच्या खाचा आणि दोरीला बांधलेली मेणाची पेन्सिल. ज्या कारागिराने मला कापलं, त्याने माझे चारही कोपरे कानशीने घासून गोल केले. शेजारचा त्याला म्हणाला, "एवढं कोण बघतंय रे?" तो म्हणाला, "कुणाच्या तरी पोराच्या मांडीवर बसायचीय ती. टोचायला नको." जगात आल्यावर माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं बोलणं. ते मी जपून ठेवलं आहे.

भांडारातून मी गेले ती एका शिकाऊ वैमानिकाकडे. उंच, किडकिडीत, कान जरा बाहेर आलेले. पहिल्यांदा एकट्याने विमान न्यायच्या दिवशी त्याने माझ्यावर एकच शब्द लिहिला, 'चाकं'. उतरताना चाकं खाली काढायची राहू नयेत म्हणून. घाईत अर्धा शब्द पँटवर गेला. पण चाकं निघाली, विमान उतरलं, आणि त्याने हेल्मेट काढून मला चक्क एक मुका दिला. तुम्हाला हसू येईल. मला मात्र पत्र्याचं अंग असून शहारा आला होता.

घरी चार भावंडांत तो थोरला. ते थोरलेपण तो बरोबर घेऊनच आला होता. कुणाचे बूट चावत असले, कुणाला घरून पत्र येत नसलं, तरी सगळे त्याच्याकडे जायचे. तुकडीतली धाकटी पोरं त्याला दादा म्हणू लागली. मीही त्याला दादाच म्हणेन. पुढे तो एअर मार्शल झाला, गाडीवर तारे आले, दारापुढे पहारा आला. पण मांडीवर बसणारीला तारे दिसत नाहीत. तिला फक्त मांडीची ऊब कळते.

दादाचं लग्न झालं तेव्हा वहिनीने मला पहिल्या दिवशीच ओळखलं. उशाशी ठेवलेली पाटी उचलून ती म्हणाली, "ही कोण?"

"ही? रोज मांडीवर असते."

"म्हणजे माझी सवतच की."

तेव्हापासून त्या घरात माझं नाव सवत पडलं. बदली झाली की सामान बांधताना वहिनी विचारायची, "सवतीला कुठल्या पेटीत टाकू?" आणि नेहमी मऊ कपड्यांत गुंडाळायची. माझा तो सुखाचा काळ होता.

तुकडीत एक वयस्क मिस्त्री होता. विमानाची सगळी निगा त्याच्याकडे. त्याला लहानथोर सगळे उस्ताद म्हणत. विमान उतरलं की उस्ताद शिडी लावून वर यायचा, दादाचे पट्टे सोडायचा आणि खिशातून फडकं काढून आधी मला पुसायचा. त्यात स्पिरिटचा वास असायचा. एका फटक्यात मी कोरी. "आजचं आज गेलं पाहिजे," तो म्हणायचा. "उद्याचं आभाळ वेगळं असतं."

हे तो उगाच म्हणत नव्हता. माझ्या वरच्या उजव्या कोपऱ्यात दादा रोज एक आकडा लिहायचा. त्या दिवशीच्या हवेच्या दाबाचा आकडा. मित्रांनो, हवा रोज सारखी जड नसते. विमानात उंची दाखवणारा काटा असतो, त्याला आजची हवा कशी आहे हे बटण फिरवून सांगावं लागतं. सांगितलं नाही तर तो कालच्या हवेवर हिशेब करतो. वादळाच्या आधी हवा हलकी होते. अशा वेळी काटा कालच्याच आकड्यावर राहिला, तर तुम्ही असता खाली आणि तो दाखवतो वर. पुढचं सगळं समजायला एवढंच पुरे आहे.

मग एके दिवशी तुकडीत धाकटा आला. सगळ्यांत लहान म्हणून त्याला धाकटा म्हणू लागले, आणि खरं नाव फक्त पगाराच्या यादीत उरलं. आईबाप लहानपणीच गेलेले. थोरल्या बहिणीने शाळेचे गणवेश शिवून त्याला वाढवलं होतं. त्याच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला ताई यायची.

धाकटा दादाचा जोडीदार झाला. दोन विमानं मिळून उडतात तेव्हा पुढच्याला म्होरक्या म्हणतात. जोडीदार त्याच्या उजवीकडे, थोडा मागे आणि थोडा खाली राहतो. ढगात शिरल्यावर जोडीदाराने आपल्या काट्यांकडे पाहायचं नसतं. नजर हलली की जागा सुटते आणि दोन विमानं एकमेकांवर आदळतात. म्हणून त्याने फक्त म्होरक्याच्या पंखाकडे पाहायचं. म्होरक्या नेईल तिकडे जायचं. दोघांची उंची, दोघांची वाट, दोघांचा जीव, सगळं म्होरक्याच्या हाती.

त्याच सुमाराला माझा पट्टा तुटला. धाकटा रजेवर निघाला होता. तो म्हणाला, "दादा, द्या इकडे. ताई शिवेल. तिचा टाका उसवत नाही, कपडा फाटतो."

अशी मी ताईच्या घरी जाऊन आले. एक खोली, खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला टांगलेले अर्धे शिवलेले सदरे. ताईने जाड कापडाचे दोन दुहेरी पट्टे शिवले. एक माझा, एक धाकट्याच्या पाटीचा. खाकी दोरा संपला होता म्हणून शेवटचे टाके लाल दोऱ्याने घातले. मशीन चालवताना ती हलक्या आवाजात गुणगुणत होती:

दोरा माझा बाई, हाताएवढा गं लांब,
आभाळ उसवलं, भाऊराया जरा थांब.

"हे कसलं गाणं?" धाकटा म्हणाला.

"तुझंच. तू वर गेलास की मी म्हणते. कुणी ऐकत नाही."

"आणि मी थांबतो का?"

"तू कधी थांबलायस? जेवायला तरी थांबतोस का?"

दोघंही हसली. मी मशीनवर पडून ऐकत होते. आजही त्याच मशीनवर आहे. पण तिथवर यायला मला बत्तीसएक वर्षं लागली.

तो दिवस सांगते. आदल्या दुपारी आम्ही उतरलो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. कोपऱ्यात आकडा होता १०१२. उस्तादाने फडकं काढलं, तेवढ्यात खालून कुणीतरी दादाला पत्त्यांच्या डावाला हाक मारली. दादा घाईत म्हणाला, "राहू द्या उस्ताद, मी पुसतो." उस्तादाने फडकं खिशात घातलं. दादाने मला बगलेत मारलं, आणि पुसायचं राहून गेलं. एवढीच चूक. पत्त्यांच्या एका डावाएवढी.

दुसऱ्या दिवशी हवा बिघडणार होती म्हणून उड्डाण तासभर आधी ठरलं. धावपळ उडाली. सूचनांच्या खोलीत फळ्यावर आजचा आकडा लिहिलेला होता, ९९६. धाकट्याने तो आपल्या पाटीवर उतरवून घेतला. दादाने माझ्याकडे पाहिलं. कोपऱ्यात त्याच्याच हातचा आकडा त्याच जागी होता. त्याला वाटलं, आपला लिहून झाला. मी तर मुकी. ओरडता आलं असतं तर मित्रांनो, मी पत्रा फाटेपर्यंत ओरडले असते.

परतताना ढगांनी गाठलं. विमानतळाच्या अलीकडे एक टेकडी होती. तिच्यावरून पाचशे फूट उंच राहून यायचं, असा तिथला नेम. खालच्या मनोऱ्यावरून रेडिओवर आकडा सांगितला गेला, पण खरखरीत अर्धा विरला. मनोऱ्याने विचारलं, "दाबाचा आकडा मिळाला का?" दादाने माझ्या कोपऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आहे माझ्याकडे."

निघताना काटा उस्तादाने शून्यावर लावून दिलेला असतो, उंचावर सगळी विमानं एकच ठरलेला आकडा लावतात, आणि उतरताना पुन्हा त्या दिवशीचा लावायचा असतो. दादाने बटण फिरवून काटा १०१२ वर लावला आणि विमान ढगात खाली घेतलं. उजवीकडे, थोडा मागे, थोडा खाली धाकटा होता.

मग दादाच्या कानातल्या रेडिओत त्याचा आवाज आला. ते दोघं आपापसात बोलत तो आवाज मनोऱ्याला ऐकू जात नसे.

"दादा, आपण जरा खाली नाही ना? माझा काटा खाली दाखवतोय."

"काट्याकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ."

"बघतोय."

हा त्याचा शेवटचा शब्द.

आम्ही काट्याच्या हिशेबाहून साडेचारशे फूट खाली होतो. दादाच्या विमानाचं पोट टेकडीवरच्या झाडांच्या शेंड्यांवरून निसटतं गेलं. धाकटा आमच्याहून पंधरा फूट खाली होता. जोडीदाराने जिथे असायला हवं, अगदी तिथेच. केसभरही चुकला नव्हता.

दादा उतरला. विमान उभं राहिलं. जमिनीवर उभ्या विमानाचा काटा शून्यावर हवा. तो साडेचारशेवर होता. दादाने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला सगळं कळलं. त्याची मांडी माझ्याखाली थंड पडत गेली, ती मला आजही जाणवते. बाहेर शिडी टेकल्याचा आवाज झाला. आणि दादाच्या हाताने बटण फिरवलं. काटा निमूट शून्यावर आला.

उस्ताद वर आला. रडत होता. सवयीने त्याने फडकं काढलं, मला हातात घेतलं, आणि कोपऱ्यातला आकडा पाहून थांबला. दादाने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. उस्तादाने फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि तो शिडी उतरून गेला.

चौकशी बसली. लांब टेबलामागे तीन अधिकारी. त्यांनी दादाच्या विमानाचा काटा तपासला, बरोबर होता. मनोऱ्याची वही तपासली, आकडा दिल्याचं आणि मिळाल्याचं लिहिलेलं होतं. मधल्या अधिकाऱ्याने विचारलं, "आणखी काही सांगायचंय?" मी दादाच्या कोटाच्या आत होते. त्याचं काळीज माझ्या पत्र्यावर धडका देत होतं.

दादा म्हणाला, "नाही."

अहवालात लिहिलं गेलं, 'जोडीदार वैमानिकाने आपली जागा सोडली व तो खाली गेला. चूक वैमानिकाची.'

धाकट्याची पत्र्याची पेटी घेऊन दादाच ताईकडे गेला. मला त्याने कोटातच ठेवलं. ताईने पाणी दिलं. पेटी उघडली नाही. एवढंच विचारलं, "तो खाली का गेला हो?"

"ढग फार होते, ताई."

"तुमच्यामागेच होता ना?"

"हो."

"मग तुम्ही कसे वर होतात?"

दादाने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि उठला.

त्यानंतर मला कुणी पुसलं नाही. उस्तादाने माझ्यावर पुन्हा फडकं फिरवलं नाही. दादाचा अंगठा कितीदा तरी कोपऱ्यापर्यंत यायचा आणि थांबायचा. त्याने दुसरी पाटी घेतली. मी त्याच्या दफ्तरातल्या टेबलाच्या खणात गेले; बदली झाली की नव्या टेबलाच्या.

खणातून दिसतं ते थोडं, ऐकू येतं ते पुष्कळ. दादा वर चढत गेला. तुकडीचा प्रमुख झाला, तळाचा प्रमुख झाला, मग मोठ्या दफ्तरात गेला. वाईट माणूस नव्हता तो, मित्रांनो. म्हणून तर मला जास्त दुखायचं. हाताखालच्या पोरांची घरची पत्रं आली का, हे तो तेव्हाही विचारायचा. त्याने एक नियम केला. उडताना कुणीही, कालचा आलेला पोरगा का असेना, 'वर' असा शब्द उच्चारला, की म्होरक्याने आधी विमान वर न्यायचं आणि मग कारण विचारायचं. त्या नियमाने किती जणांचे प्राण वाचले ते सांगता येणार नाही. शिकाऊ मुलांना तो नियम पहिल्या आठवड्यातच पाठ करावा लागे. त्यासाठी दादाला पदक मिळालं. लोकांनी विचारलं, "हे सुचलं कसं तुम्हाला?" दादा म्हणाला, "सुचलं." दफ्तरात परत येऊन त्याने ते पदक माझ्याच खणात टाकलं. आम्ही दोघं शेजारी पडलो होतो, पण बोलण्यासारखं काही नव्हतं.

उस्ताद निवृत्त झाला त्या दिवशी भेटायला आला. चहा झाला, जुन्या विमानांच्या खोड्या निघाल्या. उठताना तो म्हणाला, "साहेब, ती पाटी पुसलीत का?"

"नाही."

"बरं," उस्ताद म्हणाला. टोपी उचलत म्हणाला, "मी बोलायला हवं होतं का?"

"बोलायला मी हवं होतं, उस्ताद."

"मग अजून वेळ आहे," म्हणत त्याने टोपी घातली. पुढच्याच वर्षी तो गेल्याचं कळलं.

दादा एअर मार्शल झाला तेव्हा ताईचं पत्र पहिल्यांदा त्याच्या टेबलावर आलं. ती दरवर्षी त्याच तारखेला हवाई दलाला पत्र लिहायची. प्रश्न एकच, तो खाली का गेला. उत्तरही एकच जायचं. दफ्तरातला कारकून म्हणाला, "दरवर्षीचं आहे सर. उत्तर टाईप करून आणलंय, नेहमीचंच. फक्त सही."

'अहवालात नमूद केल्याप्रमाणे चूक वैमानिकाची आहे.' दादाने सही केली. पेनाचा आवाज मला खणात ऐकू आला.

दुसऱ्या वर्षी त्याने सही केली नाही. पत्र उचलून माझ्या अंगावर ठेवलं आणि खण लावला. ताईला त्या वर्षी उत्तरच गेलं नाही.

तिसऱ्या वर्षी पत्र आलं तेव्हा दादाच्या निवृत्तीला आठ दिवस होते. मैदानावर निरोपाच्या संचलनाची तालीम चालली होती. नऊ विमानं त्याच्या डोक्यावरून सलामी देत जाणार होती. दादाने पत्र उभ्यानेच वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा, ओठ हलवत. म्हणून मला ते ऐकता आलं.

"साहेबांस नमस्कार. हे एकतिसावं पत्र. यापुढे लिहिणार नाही. सुईत दोरा ओवायलासुद्धा आता शेजारणीला हाक मारावी लागते. तुमचं उत्तर मला पाठ आहे, ते पुन्हा पाठवू नका. एकच विचारायचं राहिलं. शेवटच्या घटकेला तो घाबरला होता का? लहानपणी अंधाराला घाबरायचा, म्हणून विचारते."

दादाने खण उघडला, मला बाहेर काढलं, आणि मी पुष्कळ वर्षांनी त्याच्या मांडीवर बसले. मांडी आता हाडकुळी झाली होती.

त्याच दुपारी तो साध्या कपड्यांत ताईच्या दारात उभा राहिला. तीच खोली, तेच मशीन. ताईचे केस पांढरे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"त्याचे दादा ना तुम्ही? म्हातारे झालात की. बसा."

दादा बसला नाही. त्याने मला मशीनवर ठेवलं. ताईचा हात आधी पट्ट्यावर गेला. लाल टाके तिने बोटांनी चाचपले, एक, दोन, तीन. "माझा टाका आहे हा," ती म्हणाली. "उसवला नाही बघा."

मग दादाने सांगितलं. पत्त्यांचा डाव, कोपऱ्यातला आकडा, 'आहे माझ्याकडे', आणि फिरवलेलं बटण. सगळं. एकदाही तो थांबला नाही, आणि एकदाही त्याने ढगांचं नाव काढलं नाही. शेवटी म्हणाला, "तो घाबरला नव्हता, ताई. त्याला कळलं होतं आपण खाली आहोत. त्याने विचारलं मला. मी म्हटलं, माझ्याकडे बघ. तो म्हणाला, बघतोय."

ताई कितीतरी वेळ मशीनचं चाक हाताने पुढे-मागे करत राहिली. सुई नुसतीच वरखाली होत होती, खाली कापड नव्हतं.

"म्हणजे तो बरोबर होता," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी एकतीस वर्षं त्याला मनातल्या मनात रागावतेय. नीट बघायला काय झालं होतं रे तुला, असं."

दादाने तोंड फिरवलं.

"रडायचं असेल तर इथे नका रडू," ताई शांतपणे म्हणाली. "माझ्यापाशी बोलून तुमचं हलकं होईल. त्याचं काय? त्याला चुकलेला म्हटलंय ते कागदावर. तिथे जाऊन सांगा. आणि तुमची पाटी घेऊन जा. आज मला ती बघवत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने आपल्या हाताने चार पानं लिहिली, पदक काढून त्यावर ठेवलं आणि मला सर्वांत वर. वरिष्ठांनी दार लावून घेतलं. "आठ दिवस थांबला असतास तर," ते म्हणाले, "निदान सलामी तरी घेतली असतीस."

"सलामी घेऊन मग काय सांगायचं, सर?"

संचलन रद्द झालं. नऊ विमानं उडाली नाहीत. ज्यांनी दादाच्या हाताखाली कामं केली त्यांतले काही जण रस्त्यात भेटले तर चप्पल शोधल्यासारखे खाली बघू लागले. काही म्हणाले, मेलेला परत येणार होता का? वहिनीने घर आवरताना मला शोधलं, पण मी पुराव्याच्या पाकिटात होते. ती दादाला म्हणाली, "सवत म्हणून थट्टा केली आयुष्यभर. हिच्या पोटात एवढं होतं, आणि तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत." तिने पुढे अनेक दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. हे मला नंतर दादाच्याच तोंडून कळलं.

अकरा महिन्यांनी निकाल लागला. मी दादाकडे परत आले. पाठोपाठ ताईचं कार्ड आलं. दोनच ओळी होत्या. "कागद आला. पाटी घेऊन या."

ताईने तो कागद मशीनवर पसरून ठेवला होता, चारी कोपऱ्यांवर दोऱ्याची रिळं. त्यावर लिहिलं होतं, 'सदर वैमानिकाकडून कोणतीही चूक झाली नव्हती. तो आपल्या जागी होता.' शेजारणीने तिला ते इतक्यांदा वाचून दाखवलं होतं की कागद घड्यांवर झिजला होता.

ताईने मशीनच्या खणातून फडकं काढलं, त्यावर बाटलीतलं स्पिरिट ओतलं आणि दादाच्या हाती दिलं. "तुमची पाटी. तुम्हीच पुसा."

तो वास आला आणि मला उस्ताद आठवला. दादाने मला मांडीवर घेतलं. फडकं फिरवलं. पुन्हा फिरवलं. जोर लावला, बोटांची नखं पांढरी झाली. वरचं मेण निघालं, पण आकडा गेला नाही. एवढ्या वर्षांत तो रंगात मुरला होता. फिकट, करडा, पण वाचता येईल असा. १०१२.

दादा घासतच राहिला. ताईने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "आता तो जायचा नाही."

"त्या दिवशी एका फटक्यात गेला असता, ताई."

"हो," ताई म्हणाली. "त्या दिवशी गेला असता."

दादा जाताना मला तिथेच ठेवून गेला. पुढे कधीतरी तो यायचा, दारातल्या खुर्चीवर बसायचा, ताईला सुईत दोरा ओवून द्यायचा. गेल्या वर्षीपासून तो येत नाही. ताई आता शेजारणीलाच हाक मारते.

मी सध्या गणवेशांची मापं लिहून घेते, मित्रांनो. छाती, बाही, उंची. तुमच्यापैकी कुणाचं माप माझ्यावर असेलही. दिवस मावळायच्या आत ताई मला पुसते. तिचं फडकं सगळीकडून फिरतं, आणि उजव्या कोपऱ्याशी आलं की हळू होतं. मग ती गुणगुणते, भाऊराया जरा थांब.

माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्याकडे काय मागणार? मला रंग नको, कपाटातली जागा नको. एवढंच करा. तुमच्या हातून काही चुकलं आणि त्याचा बोल दुसऱ्यावर येतोय असं दिसलं, तर त्याच दिवशी उठा, आणि जिथे सांगायचं तिथे जाऊन सांगा. मार बसेल, मान खाली जाईल, पण ताजा आकडा एका फटक्यात जातो. मुरलेला कसा राहतो, ते बघायचं असेल तर कधीतरी ताईच्या खोलीत या. मी मशीनवर, खिडकीशी असते.